मूर्तीला हात लावू नका, पण आईंना लावू द्या



खरं तर या वेळी दशलक्षण पर्वातल्या फराळाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वेळी. आज मला भांडायचं आहे. भांडण घरचंच आहे, त्यामुळे चिडलात तरी शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बस वेरूळला गेली. आर्णीहून रात्री निघालो, सकाळी लेण्यांपाशी पोहोचलो. वेरूळला एकूण 34 लेणी. बहुतेक लोक कैलास पाहून, फोटो काढून परत फिरतात. आम्ही मात्र 30 ते 34 या पाच जैन लेण्यांसाठीच एवढा प्रवास केला होता. बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, तिथं एका तीर्थंकर मूर्तीसमोर आमच्यातल्या एका मावशींनी पिशवीतून चंदनाची डबी काढली. बोट बुडवलं, मूर्तीच्या अंगठ्याला लावायला हात पुढे केला, तोच पहारेकरी शिट्टी वाजवत आला. "बाई, हात लावू नका."

मावशी ओशाळल्या नाहीत, चिडल्या. "देव आमचा, अन् आम्हालाच हात लावू देत नाही? तिकीट काढून आलो आम्ही!" बाकीच्या बायकांनीही मावशींचीच बाजू घेतली. परतीच्या बसमध्ये मेहकरपासून दिग्रसपर्यंत हाच विषय होता. सरकारला आपल्या देवाचं काय कळतं, पुरातत्त्ववाल्यांनी देवाची वस्तू करून टाकली, ज्या मूर्तीला प्रक्षाळ नाही ती मूर्ती अनाथच, वगैरे. मी खिडकीशी बसून ऐकत होते. माझं मत वेगळं होतं, पण पंचवीस जणींसमोर बोलायचा धीर झाला नाही. आता लिहून बोलते.

मावशी, पहारेकऱ्याचं बरोबर होतं. आपलं चुकलं.

तुमचा मुद्दा मी हलका समजत नाही. ती मूर्ती कोणी शोभेसाठी कोरलेली नाही. पूजेसाठीच कोरली. हजार-अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्यासमोर हात जोडले असतील, पाणी वाहिलं असेल. आज तिच्यासमोर दोर बांधलेला आणि पाटी लावलेली पाहून पोटात तुटतं, ते माझंही तुटलं. पण मला सांगा, आपल्या गावातल्या मंदिरात तरी मूळनायक भगवंतांना किती हात लागतात? सकाळी येणारा प्रत्येक जण गाभाऱ्यात शिरून मूर्तीला हात लावतो का? नाही. जो अभिषेक करणार तो आधी अंघोळ करतो, शुद्ध धोतर-दुपट्टा नेसतो, हात धुतो. बाकीचे बाहेरून दर्शन घेतात. कित्येक मंदिरांत तर मोठ्या पाषाणमूर्तीवर रोज धार धरतच नाहीत. अभिषेकासाठी धातूची लहान प्रतिमा वेगळी असते, आणि मोठी मूर्ती ओल्या फडक्यानं हलकेच पुसून घेतात. हा नियम पुरातत्त्व खात्यानं घातलेला नाही, आपल्या वाडवडिलांनी घातला. रोज घासलं की दगडही झिजतो, हे त्यांना माहीत होतं.

मग जो नियम आपण आपल्या मंदिरात मुकाट पाळतो, तोच वेरूळच्या पहारेकऱ्यानं सांगितला की अपमान कसा होतो? त्याच डोंगरावर पार्श्वनाथ भगवंतांचं मंदिर आहे, पूजाअर्चा होते, तिथं चंदन वाहा. पण जी लेणी सगळ्या जगानं सांभाळायची म्हणून 1983 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, तिथं रोज येणाऱ्या हजारो लोकांतल्या प्रत्येकानं एकेक बोट चंदन लावलं तर काय राहील? आपलं एक बोट म्हणजे काहीच नाही, असं प्रत्येकाला वाटतं. पापडाच्या डब्यात ओला हात घालणारी प्रत्येक सूनही असंच म्हणते.

हातानं नेमकं काय होतं, हे घरातल्याच गोष्टीवरून सांगते. माझ्या आईचा लग्नातला शालू माझ्याकडे आहे. खरी चांदीची जर. आई तो मलमलीत गुंडाळून ठेवायची. माझ्या लग्नात, मग नणंदेच्या लग्नात, मग पुतणीच्या लग्नात तो बाहेर निघाला आणि आलेल्या प्रत्येकीनं पदर चिमटीत धरून पाहिला. "काय जर आहे हो!" आज तो पदर नेमका त्या चिमटीच्या जागी काळा पडला आहे. बाकीचा शालू अजून लखलखतो. कोणी वाईट हेतूनं हात लावला नव्हता. घामातलं मीठ, तेल, आंबटपणा, हातावरची हळद आणि अत्तर, सगळं त्या जरीत गेलं. संग्रहालयातल्या पितळी-तांब्याच्या मूर्तीवर बोट टेकलं की असंच होतं. ठसा दिसत नाही, पण धातूला चावतो आणि काही दिवसांनी काळा डाग होऊन वर येतो. संगमरवर तर तेल पिऊन घेतो आणि पिवळा पडतो. लाकूड, कागद, कापड यांचं तर विचारूच नका.

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. तिथली चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. दगडावर मातीत भुसा आणि गवताचे धागे मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. आपण घराच्या भिंती सारवायचो, तशातलीच जात. अशा भिंतीला नखाचा धक्काही पुरतो. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं तिथं पोहोचला, आणि दहाव्या लेण्यात चित्र असलेल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. 28 एप्रिल. दोनशे वर्षं झाली, ते नाव अजून आहे. बरं, वाईट करणाऱ्यांचंच नाही, भलं करायला गेलेल्यांचंही ऐका. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं ही चित्रं वाचवायला मुद्दाम इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी उखडलेला गिलावा चिकटवला, ते चांगलंच केलं. पण चित्रांवर रोगणाचा थर दिला. पुढे तो थर पिवळा पडला, धूळ धरू लागला, आणि तो काढता काढता नंतरच्या लोकांचे हात थकले. जाणकाराच्या हातानं एवढं होतं, तर आपण चंदनाची डबी घेऊन जाणारे कोण?

आता कोणी म्हणेल, मग पंढरपूरचं काय? तिथं तर पायावर डोकं ठेवल्याशिवाय वारी पुरी होत नाही. बरोबर. आणि म्हणूनच विठ्ठलाच्या पायांची झीज झाली, मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला. 2020 च्या जूनमध्ये, महामारीमुळे मंदिर भाविकांना बंद असताना, असाच लेप दिला. मार्च 2020 मध्ये बंद झालेलं पदस्पर्श दर्शन 2022 च्या गुढीपाडव्याला पुन्हा सुरू झालं, तेव्हा किती म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी आलं असेल. मी त्या पाण्याला नावं ठेवत नाही. पण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचंही 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावं लागलं. देवावरचं प्रेम कितीही खरं असलं तरी दगडाचं आयुष्य त्यानं वाढत नाही.

इथपर्यंत माझं म्हणणं एखाद्या सरकारी पाटीसारखं झालं, हे मला कळतं. आता दुसरी बाजू, कारण माझं खरं भांडण त्या पाटीशीही आहे.

"हात लावू नका" हे वाक्य आपल्या मुलखात साधंसुधं नाही. पिढ्यान् पिढ्या माणसांना हेच वाक्य ऐकवलं गेलं, आणि त्यामागे दगडाची काळजी नव्हती. 1930 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला, तो काही मूर्ती झिजेल की काय या वादासाठी नव्हता. मे 1947 मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर असताना, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. ज्यांच्या आजोबांना पायरीवरून हाकललं, त्यांना आज कोणी "लांबून बघा" म्हटलं की जुनी जखम दुखते. दुखणारच.

आणि आपण बायका? मी लहान असताना माहेरी आजोबा पहाटे अभिषेकाला जायचे. मी त्यांची पाण्याची कळशी घेऊन मागे असायचे, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी माझा हात थांबायचा. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, तो आत जायचा. मी विचारलं तर आजी म्हणाली, "बायांनी हात लावू नये." का, ते तिनं सांगितलं नाही, कारण तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यात काही पंथांत स्त्रिया अभिषेक करतात, काहींत नाही. तो वाद आज इथं उकरून काढत नाही. पण कळशी धरून उंबऱ्यावर उभं राहिलेल्या मुलीला "हात लावू नका" हे शब्द कसे लागतात, हे मला पुस्तकात वाचायची गरज नाही.

म्हणून मी त्या पाटीला दोन प्रश्न विचारते. पहिला, कारण काय? दुसरा, सगळ्यांना सारखं का? वेरूळच्या पहारेकऱ्याकडे दोन्हीची उत्तरं होती. कारण दगडाची झीज, आणि नियम सगळ्यांना एकच: मावशीला, परदेशी पाहुण्याला, कॉलेजच्या पोराला. अशा मनाईत अपमान नसतो. अपमान कधी होतो? कोणा मोठ्या माणसाच्या हाती कपाटातली तलवार काढून देतात, फोटो निघतात, आणि शाळेच्या पोरांना काचेपासून चार हात लांब उभं करतात, तेव्हा होतो. हाताची किंमत माणसाच्या ओळखीवरून ठरली की नियम संपला आणि सोवळं सुरू झालं.

आणि "सगळ्यांना सारखं" या माझ्याच कसोटीला एक ठिकाणी तडा जातो. तिथं आमच्या आई येतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली. डॉक्टरकडे जायला उशीर झाला, हा आमचा दोष. डोळे गेले तरी घर त्यांच्या बोटांना पाठ आहे. तुरीच्या डाळीतला खडा माझ्याआधी त्यांना सापडतो. भाकरीचं पीठ हाताला लागलं की सांगतात, "ज्वारी जुनी दिसून राह्यली." नोटा बोटानं ओळखतात. नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, "याचं नाक आपल्या अप्पांवर गेलं." आणि खरंच गेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही एका मोठ्या शहरात होतो. तिथल्या संग्रहालयात जैन मूर्तींचं दालन आहे असं कळलं, म्हणून आईंना घेऊन गेले. कोणतं संग्रहालय ते सांगत नाही, कारण दुसरीकडेही असंच झालं असतं असं मला वाटतं. आई एका पाषाणमूर्तीसमोर उभ्या राहिल्या. "कसे दिसून राह्यले गं भगवान? बसले का उभे?"

"बसलेत आई. पद्मासनात."

"कोणते?"

मी पाटी शोधली. पाटीवर "तीर्थंकर, काळा पाषाण" एवढंच. मग मी वाकून बैठकीवरचं लांछन पाहायला लागले. अंधार होता, नीट दिसेना. तुम्हाला माहीतच आहे, तीर्थंकरांच्या मूर्ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. तीच मुद्रा, तीच शांत नजर. पार्श्वनाथांना फणा, आदिनाथांच्या खांद्यावर केसांच्या बटा, बाकी सगळं बैठकीवरच्या लहानशा खुणेवर: बैल, हत्ती, घोडा, सिंह. मी "दिसत नाही" म्हटलं, आणि आईंचा हात आपोआप पुढे गेला, खाली, बरोबर बैठकीकडे. त्यांना माहीत होतं खूण कुठे असते. आयुष्यभर त्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली होती.

"ओ आजी! हात! पाटी वाचता येत नाही का?"

मागून एवढ्या जोरात ओरडले की दालनातली सगळी माणसं वळून बघायला लागली. पाटी वाचता येत नव्हतीच. आईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. काही घाणेरडं लागल्यासारखा. मला त्या ओरडण्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं त्या पुसण्याचं लागलं. दालन अजून अर्धं बाकी होतं, पण त्या म्हणाल्या, "चल, मला काय दिसते इथं."

आता माझ्याच कसोटीवर बघा. नियमाला कारण होतं, आणि तो सगळ्यांना सारखा होता. तरी अन्याय झाला. कारण तुम्हाला-मला हात मागे ठेवूनही मूर्ती पूर्ण मिळते, डोळ्यांनी मिळते. आईंचा हात मागे ठेवला की त्यांच्या हाती काहीच उरत नाही. आपण फक्त पाहायची परवानगी देतो आणि म्हणतो, सगळ्यांना सारखं. चारही पाहुण्यांना एकच पातळ ताट वाढून, त्यातल्या एकाला गिळता येत नाही हे न बघण्यासारखं आहे हे.

आपल्या शास्त्रात इंद्रियांचा क्रम काय सांगितला आहे ते आठवा. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षु, श्रोत्र. पहिलं इंद्रिय स्पर्श. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती या एकेंद्रिय जीवांना तेवढं एकच असतं. डोळा चौथ्या क्रमांकावर येतो. लहानपणी पाठशाळेत हे घोकलं तेव्हा वाटायचं, खालच्या जीवांचं म्हणून ते कमी दर्जाचं. आता आईंकडे बघते आणि वाटतं, जे सर्वांना दिलं ते सर्वांत आधीचं. आणि आपली संग्रहालयं मात्र फक्त चौथ्या इंद्रियासाठी बांधलेली!

यावर उपाय नाही असं नाही. इटलीत अँकोना नावाचं गाव आहे. तिथल्या एका अंध नवरा-बायकोला प्रवासाची हौस. ज्या संग्रहालयात जावं तिथं हेच ऐकायचं, हात लावू नका. शेवटी त्यांच्या पुढाकारानं 1993 साली तिथं ओमेरो नावाचं संग्रहालय उभं राहिलं, जिथं सगळंच हात लावून पाहायचं. जगातल्या नामांकित शिल्पांच्या हुबेहूब मापाच्या प्रतिकृती, आणि काही अस्सल शिल्पंसुद्धा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तची काही दणकट दगडी शिल्पं अंध लोकांना हातानं पाहू देतात. लांब कशाला, आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 साली "अनुभव" नावाचं दालन झालं. 22 वस्तूंच्या प्रतिकृती, ब्रेलमधल्या पाट्या, कानानं ऐकायची माहिती. आणि 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा तर कलम 29 मध्ये कला दिव्यांगांपर्यंत पोहोचवणं हे सरकारचं काम आहे असंच म्हणतो. म्हणजे आईंना मूर्ती हातानं पाहू देणं ही कोणाची मेहेरबानी नाही.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे.

एक, प्रत्येक दालनात निदान एका महत्त्वाच्या वस्तूची चांगली प्रतिकृती ठेवा. साच्यातून काढलेली, खऱ्या मापाची, खऱ्या वजनाच्या जवळपास. नागपूरचा अजब बंगला 1863 पासूनचा. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ राजनापूर खिणखिणीला सापडलेल्या जुन्या जैन धातुमूर्ती तिथल्या संग्रहातल्या. त्या आपल्या वऱ्हाडच्या मातीतून निघाल्या. त्यातल्या एकीची प्रतिकृती अंधशाळेतल्या मुलांच्या हाती दिली, तर एका तासात ती जे शिकतील ते वर्षभर ऐकून कळणार नाही.

दोन, ज्या वस्तू पुष्कळ आहेत आणि वापरण्यासाठीच बनल्या, त्यातल्या एकदोन हाताळायला मोकळ्या ठेवा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातल्या वस्तू आठवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवलेले दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. दुर्मीळ अडकित्ता काचेतच राहू दे. पण बाजारात मिळणारा एक साधा जुना अडकित्ता दोरीनं बांधून शेजारी ठेवा की. तो हातात घेऊन दाबल्याशिवाय आजच्या मुलीला आजीच्या मनगटातला जोर कळायचा नाही. जातं, उखळ, वरवंटा यांना कोण चोरून नेणार आहे?

तीन, जिथं दगड खरोखर टणक आहे, तिथं ज्यांना डोळे नाहीत त्यांना मूळ मूर्तीलाही हात लावू द्या. आधी वेळ ठरवून, अंगठ्या-बांगड्या काढून, हात स्वच्छ धुऊन, पुसून, सोबत जाणकार माणूस ठेवून. कोणत्या मूर्तीला चालेल ते तज्ज्ञांनी ठरवावं, आणि नाही म्हटलं तर आम्ही ऐकू. थोडक्यात, अभिषेकाच्या आधी आपण जे करतो तेच. तयारीनं लावलेला हात आणि येता-जाता फिरवलेला हात यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळतो?

बसमधल्या एकीनं दुसऱ्या दिवशी फोनवर म्हटलं, "पण प्रतिकृती म्हणजे खोटीच ना? आईंना खोट्याला हात लावून काय समाधान?" मी तिला गंधोदकाची आठवण करून दिली. भगवंतांना हात एकाच माणसाचा लागतो. पण अभिषेकाचं ते पाणी वाटीतून बाहेर येतं, आणि उंबऱ्याबाहेरचा प्रत्येक जण, म्हातारा, लेकरू, बाई, ते बोटानं घेऊन कपाळाला, डोळ्यांना लावतो. आजोबा अभिषेक करून बाहेर आले की पहिलं गंधोदक माझ्या कपाळाला लावायचे. तेव्हा मी कधी म्हटलं नाही की हे खोटं आहे, मला मूर्तीच हवी. मूर्ती राखायची आणि बाहेरच्यालाही रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही तोड आपल्या लोकांनी कधीच काढून ठेवली आहे. संग्रहालयांनी तेवढंच करायचं आहे.

पैशाचं म्हणाल, तर साचा काढायला आणि प्रतिकृती ओतायला लागणारा खर्च आपण एका पंचकल्याणकाच्या मंडपावर करतो त्यापुढे काही नाही. दानाच्या पाट्यांवर आपली नावं कमी आहेत का? मंदिराच्या फरशीवर, पाण्याच्या टाकीवर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा. एखाद्या अंधशाळेला चोवीस लांछनांचा उठावाचा एक फलक द्या. बैल, हत्ती, घोडा, माकड अशी ओळीनं चोवीस चित्रं, खाली ब्रेलमध्ये नावं. मूल जैन असो नसो, बोटानं प्राणी ओळखण्याचा आनंद सगळ्यांना सारखाच.

मी स्वतः काय केलं, तेही सांगते, नाहीतर नुसतं बोलणं होईल. मी साबणासारख्या मऊ दगडाची पार्श्वनाथांची एक वीतभर मूर्ती आणली. पूजेची नाही, प्रतिष्ठा नाही, म्हणून तिला शिवायला कोणाची हरकत नाही. आईंच्या हातात दिली. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. बोटं वरून खाली आली, फणा मोजले. "सात," म्हणाल्या. मग खांदे, मांडी, तळवे. शेवटी बैठकीवर अंगठा थांबला. "साप आहे ना इथं?"

"हो आई."

"त्या दिवशीचे कोण होते गं? तुला दिसलं होतं का खाली?"

मला तेव्हा दिसलं नव्हतं. डोळे असून दिसलं नव्हतं. त्यांच्या बोटांना नक्की दिसलं असतं.

म्हणून मावशी, पुढच्या सहलीत चंदनाची डबी घरीच ठेवा. आणि ज्यांच्या हाती संग्रहालयांचा कारभार आहे त्यांनाही सांगणं आहे, पाटी राहू द्या, आमची तक्रार नाही. फक्त तिच्या शेजारी आईंसाठी एक मूर्ती ठेवा.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी त्या चोवीस लांछनांच्या फलकाचा विषय मांडणार आहे. ज्या आर्णीत आहात त्यांनी या, आणि बसमध्ये बोललात तेवढ्याच जोरात बोला. आई पण येणार आहेत.

जय जिनेंद्र.